‘नाही’ म्हणण्याचा हक्क : दुष्काळी कामापासून रोजगार हमीपर्यंत

१

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातला मजूर हा स्वतंत्र माणूस असतो. मजुरीचा दर पाहून तो कामावर जायचे की नाही हे ठरवतो. दर परवडला तर जातो, न परवडला तर घरी बसतो. गेली काही वर्षे मी हेच सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवीत आहे. फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा काढताना माझा हात दरवेळी थोडा अडखळतो. कारण आमच्या घरात माझ्या आधीच्या कोणत्याही पिढीने असे घरी बसून ठरवल्याचे मला माहीत नाही.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझे पणजोबा गावची तराळकी करीत. आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली. आई रोजगार हमीच्या नालाबांधावर आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात राबली. या तिघांना काम ‘नको’ म्हणण्याची मुभा कितपत होती, ती कशामुळे थोडीफार वाढली आणि आज तिचे काय होत आहे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. गेल्या तीन-चार दशकांत देशोदेशींच्या अर्थशास्त्रज्ञांनी रोजगार हमीचा बारकाईने अभ्यास केला. हे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत छापले जाते, आणि ज्यांच्या घामाचे ते मोजमाप आहे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. वास्तविक या योजनेचे मूळ सातारा-सांगलीच्या कोरडवाहू मातीत आहे. तेव्हा तिचा इतिहास आपण आपल्या बाजूने मांडला पाहिजे.

२

आरंभ वतनापासून करावा लागतो. महार वतन म्हणजे जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचा हक्क असे वरवर दिसते. अर्थशास्त्राच्या भाषेत तो एक श्रमकरार होता. मात्र त्या कराराला कामाचे तास नव्हते, ठरलेली मजुरी नव्हती आणि तो सोडण्याची वाट नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याने ब्रिटिश सरकारने ही व्यवस्था मोडण्याऐवजी ती कागदावर पक्की केली. सरकारी अंमलदाराचे सामान वाहणे, टपाल पोचवणे, गावाची राखण, मयताची वर्दी, जे पडेल ते काम रात्री-अपरात्री करायचे. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातले दुसरे माणूस हजर झाले पाहिजे. मोबदला म्हणून सुगीला खळ्यावर उभे राहून मिळेल तेवढे धान्य पदरात घ्यायचे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांचा रोख नेमका येथे होता. सरकारी सेवेचा मोबदला सरकारने द्यावा, रयतेच्या मर्जीवर तो सोडू नये, आणि ज्याला वतनातून मोकळे व्हायचे आहे त्याला होता यावे, ही त्यांची मागणी होती. ते विधेयक मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावनोकरांची वतने नष्ट करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा कायदेशीर अधिकार आमच्या घरात आला त्याला अजून सत्तर वर्षेही झालेली नाहीत.

बाबासाहेबांच्या अर्थविचारात हा धागा आधीपासून होता. १९१८ च्या शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले की तुकडे जोडून शेतीचे दुखणे बरे होणार नाही. शेतीवर जे रिकामे श्रम साचले आहेत त्यांना शेतीबाहेर, उद्योगात काम मिळाले पाहिजे. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात ते आणखी पुढे गेले. बेकार माणसासमोर एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला आपले मूलभूत हक्क ठेवले, तर पोटासाठी तो हक्क सोडून देईल आणि मालक घालील त्या अटी मान्य करील, असा त्यांचा युक्तिवाद आहे. ज्याच्याजवळ दुसरे काम नाही त्याचे स्वातंत्र्य कागदावरचे असते, हे त्यांनी राज्यघटना तयार होत असतानाच बजावले होते. घटनेत कामाचा हक्क आला तो कलम ४१ मध्ये, मार्गदर्शक तत्त्व म्हणून. न्यायालयात दाद मागता येईल असा हक्क तो झाला नाही.

३

आता दुष्काळाकडे वळू. माण, खटाव, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ, जत हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला पट्टा. येथे दुष्काळ हा पाहुणा नव्हे, घरचाच माणूस आहे. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारने तलावांची व रस्त्यांची कामे काढली. म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव ही त्याच काळातील कामाची खूण आहे. पण ही कामे देताना सरकारला एकच चिंता होती : खरोखर उपाशी नसलेला माणूस तर कामावर येत नाही ना? १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने मजुराचे रोजचे धान्य एका पौंडाच्या हिशेबावर आणले गेले. एवढ्या अन्नात दगडमातीचे काम होत नाही म्हणून मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली.

१८८० च्या दुष्काळ आयोगाने या चिंतेला शास्त्राचे रूप दिले. काम कष्टाचे असावे, मोजून घ्यावे, मजुरी पोटापुरतीच असावी. मग ज्याला गरज नाही तो आपोआप दूर राहील. याला ‘कसोटी’ म्हणत. गरिबाची गरज खरी की खोटी हे त्याच्या शरीरावर तपासायचे, असा तिचा अर्थ होता. ११२ वर्षांनी, १९९२ मध्ये, टिमथी बेस्ले आणि स्टीव्हन कोट या अर्थशास्त्रज्ञांनी हाच विचार गणिताच्या समीकरणांत मांडला : मदतीच्या बदल्यात कष्टाचे काम मागितले तर गरजू आणि बिनगरजू यांची आपोआप चाळणी होते. समीकरण बिनचूक आहे. पण कसोटीला नेहमी कोण उभा राहतो आणि कसोटी कोण घेतो, हे त्या समीकरणात येत नाही.

सातारा जिल्ह्यातील अशाच एका दुष्काळी कामाचे नाव आपल्या इतिहासात कायमचे कोरले गेले आहे. खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे सरकारने दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदायला घेतला होता, आणि सुभेदार रामजी सकपाळ तेथे रोखपाल होते. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरला. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक तयार झाला तो अशा अटीवर, की भाडे दुप्पट द्यायचे, बैल मुलांनीच हाकायचे आणि तो स्वतः बाजूने चालणार. ही हकीकत आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. मी ती वर्गात बाजाराचा धडा म्हणूनही सांगतो. भाव वाढला की व्यवहार जुळतो असे पुस्तक म्हणते. मसूरला व्यवहार जुळलाच. पण वाढीव भाव कोणी द्यायचा आणि कष्ट कोणी करायचे हे जातीने ठरवले.

४

दुष्काळी काम सरकारच्या मर्जीने निघते आणि मर्जीने बंद होते. ते मागण्याचा हक्क मजुराला असावा, ही कल्पना सांगली जिल्ह्यातून पुढे आली. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ च्या सुमारास आपल्या भागात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू केला. त्याचे राज्यव्यापी रूप आकाराला येत असतानाच १९७२ चा दुष्काळ कोसळला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी केंद्रांवर, रस्त्यांवर, पाझर तलावांवर एकत्र आलेल्या या मजुरांचे मोर्चे निघाले, मागण्या झाल्या. एवढ्या संख्येने गरीब माणूस महाराष्ट्रात पूर्वी कधी एका जागी जमला नव्हता, आणि या दडपणाचा वाटा विसरून पुढचा कायदा समजणार नाही.

१९७५ मध्ये शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवण्यात आला, तो या योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले तर सरकारने पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारभत्ता दिला पाहिजे, आणि स्त्री-पुरुषांना एकाच कामाचा एकच दर राहील. कलम ४१ मधील आश्वासन निदान एका राज्यात कायद्याच्या कक्षेत आले.

येथे मला माझ्या आजीचे एक बोलणे नोंदवायचे आहे. दुष्काळी कामाविषयी ती फारशी कौतुकाने बोलत नसे. हाताला आलेले फोड, डोळ्यांत उडणारी कच, सुकडीसाठी रांग, आणि पाण्याच्या पिंपापाशी आमच्या बायांना वरून ओतले जाणारे पाणी, हे ती सांगे. सरकारी कामावरही मुकादमाने गाव बरोबर आणला होता. पण पुढे ऐंशीनंतर गावाजवळ नालाबांधाचे काम निघाले, तेव्हाची गोष्ट सांगताना तिचा आवाज बदलत असे. ज्या बागाइतदाराच्या रानात ती वर्षानुवर्षे जाई, त्याचा माणूस संध्याकाळी वस्तीवर आला आणि उद्या भांगलायला यायचे, म्हणाला. विचारायची पद्धत नव्हतीच. आजी चुलीपासून न उठता म्हणाली, “उद्या न्हाई जमायचं, दादा. बांधाच्या कामावर नाव लावलंय.” माणूस उभा राहिला, बघत राहिला आणि गेला. दोन दिवसांनी तो परत आला आणि रोज आठ आणे जास्त देतो म्हणाला.

“पैशाचं न्हवं रं,” आजी मला म्हणायची, “त्यानं इचारलं. पयल्यांदा इचारलं.”

५

आजीने सांगितलेली ही गोष्ट अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आपल्या पद्धतीने सिद्ध केली. कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी अविभाजित आंध्र प्रदेशात रोजगार हमीच्या मजुरीवाटपात सुधारणा झालेली मंडले आणि न झालेली मंडले यांची तुलना केली. जेथे योजना नीट चालली तेथे गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढले. परंतु त्या वाढीतला सुमारे ८६ टक्के भाग योजनेच्या मजुरीतून आलेला नव्हता. तो बाहेरच्या कामातून, वाढलेल्या खाजगी मजुरीतून आणि वाढलेल्या रोजगारातून आला होता. म्हणजे जी बाई सरकारी कामावर गेलीच नाही, तिचीही मजुरी वाढली. कारण ती जाऊ शकते हे मालकाला कळले होते.

हे जर खरे, तर जमीनदार वर्ग या योजनेकडे कसा पाहील हे सांगायला संशोधन नको. तरीही ते झाले आहे. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रान्स्वा आणि अशोक कोतवाल यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांचा अभ्यास करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या खेड्यांत निवडणुका मोकळ्या होतात, मते नीट मोजली जातात, लोक उत्साहाने मतदान करतात. तरीही जेथे जमीन मराठा समाजातील बड्या शेतकऱ्यांच्या हाती एकवटलेली आहे, तेथे गरिबांच्या योजना कमी राबवल्या जातात आणि मजुरीचे दरही कमी राहतात. धाकदपटशाशिवाय हे कसे घडते? अडीनडीला उसनवार देणे, आजारपणात गाडी देणे, या आधाराच्या बदल्यात मत मिळते, आणि मत मिळाले की योजना गावात येणार नाही याची काळजी घेता येते. आपल्यापैकी ज्याने गावची ग्रामपंचायत पाहिली आहे त्याला यात नवे काही वाटणार नाही. नवे एवढेच, की आपण जे सांगत होतो ते आता आकड्यांनी सांगितले आहे.

याचा अर्थ जमीनवाल्यांना रोजगार हमीचा तोटाच झाला असा नव्हे. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते, की पडत्या हंगामात मजुराला गावातच जगवून ठेवणे हे बड्या शेतकऱ्याच्या सोयीचे होते. शिवाय मजुरांनी बांधलेला तलाव आणि रस्ता ज्याची जमीन असेल त्याच्याच उपयोगाचा. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी आले, पण तलाव खोदणाऱ्याची विहीर नव्हती. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, आणि दलितांना त्यात सवलती होत्या हेही खरे. पण सवलत घ्यायला आधी सातबारा लागतो.

आणि हक्काचे काय झाले? १९८८ मध्ये किमान वेतनाबरोबर रोजगार हमीची मजुरी दुपटीने वाढली. दर वाढला की काम मागणारे वाढायला हवेत. प्रत्यक्षात हजेरी घटली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये याचा उलगडा केला : मजुरी महाग झाल्यावर कामेच पुरेशी काढली गेली नाहीत, आणि हमी राहिली तरी काम रांगेतल्या सर्वांना मिळेना. कायदा न बदलता हक्क कसा आखडता घेता येतो, याचा हा धडा प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे.

६

आमच्या पिढीतील काही मित्रांचा रोजगार हमीलाच आक्षेप आहे. ते विचारतात, आम्ही किती पिढ्या टिकाव-घमेले वाहायचे? आम्हाला शिक्षण पाहिजे, नोकरी पाहिजे, जमीन पाहिजे. खड्डे खणण्याचा हक्क कसला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. आजीलाही आपली सून खडीवर जावी असे वाटत नव्हते.

पण माझ्यापुरते उत्तर माझ्याजवळ आहे. २००३ च्या दुष्काळात मी नववीत होतो. घरावर उचल होती, आणि ज्याची ती होती त्याने मला सालाने ठेवायचे सुचवले. जनावरे सांभाळायची, उचल फिटेल. त्या उन्हाळ्यात गावच्या शिवारात रोजगार हमीचे काम चालू होते आणि आई त्यावर होती. आठवड्याच्या पगारातून थोडे थोडे फेडीन, पोराला धाडणार नाही, असे ती त्याला म्हणाली. काम नसते तर तिला हे म्हणता आले नसते. मी आज शिकवतो तो तिच्या त्या नकारावर. खड्डे खणायचा हक्क खड्ड्यातून बाहेर पडण्यासाठीही उपयोगी पडतो. म्हणून शिक्षण की रोजगार हमी अशी निवड आपण मान्य करू नये. ती निवड आपल्यापुढे ठेवणारा माणूस बहुधा जमीनवाला असतो.

महाराष्ट्राच्या या कायद्याचा धडा घेऊन २००५ मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला, आणि वर्षाला प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला १०० दिवसांची हमी दिली. पुढे त्यात यंत्र आले. आंध्रातील ज्या सुधारणेचा उल्लेख वर केला ती बोटाच्या ठशावर चालणाऱ्या कार्डाचीच होती. तिने मधली गळती कमी केली आणि पैसा लवकर पोचवला. तेव्हा यंत्राला नुसता विरोध करणे बरोबर नाही. पण १ जानेवारी २०२३ पासून बहुतेक सार्वजनिक कामांवर मोबाईलवरून दिवसात दोनदा फोटो काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. जेथे फोटो चढत नाही तेथे राबलेला दिवस बुडण्याची धास्ती मजुराला. यंत्र मजुराच्या हाती असेल तर ते मालकावर नजर ठेवते. मालकाच्या हाती गेले की १८८० ची कसोटी नव्या रूपात परत येते. बाईची गरज खरी आहे का, हे आता तिच्या चेहऱ्याच्या छायाचित्रावर तपासले जाते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ झाले. पण त्यात एक तरतूद अशी आहे, की पेरणी आणि सुगीच्या ऐन हंगामात वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील. शेतीला मजूर मिळावेत, हे त्याचे कारण. माझ्या विद्यार्थ्यांना मी विचारले, मजुराच्या श्रमाला जास्तीत जास्त भाव केव्हा असतो? सगळे एका सुरात म्हणाले, सुगीला. म्हणजे ज्या साठ दिवसांत ‘नाही’ या शब्दाला किंमत असते, नेमके तेच दिवस वगळता येतील. बाकीच्या दिवसांत नाही म्हणायचे कोणाला? बोलवायलाच कोणी येत नाही.

वतनदारी गेली तेव्हा सुगीला खळ्यावर हात पसरून उभे राहणे संपले, असे पणजोबांना वाटले असेल. हक्क एकदा मिळाला म्हणून तो कायम राहत नाही. विसापूरच्या प्रयोगापासून आजवरचा इतिहास हेच सांगतो. तेव्हा कार्यकर्त्यांनी निदान एवढे करावे. प्रत्येक गावात काम मागणीचा अर्ज लेखी द्यावा, त्याची तारखेसह पोच घ्यावी, आणि ज्या दिवशी काम बंद ठेवले त्या दिवसाचा शेतमजुरीचा दर लिहून ठेवावा. गावोगावच्या अशा वह्या जमल्या, तर बंदीच्या दिवसांत मजुरीचे काय होते याचा अभ्यास आपल्या विद्यार्थ्यांनाच करता येईल. दुसऱ्या कोणी येऊन तो करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. स्टाफरूममध्ये त्याबद्दल कुरकुर होते. हा कर मुळात कशासाठी आला, हे बहुतेकांना ठाऊक नसते. मी त्यांना नालाबांधाची गोष्ट सांगतो, आणि चुलीपासून न उठलेल्या एका बाईची.